लिंक पाठवली म्हणजे मदत झाली का? सपोर्ट वर्कर नावाचा माणूस नक्की करतो काय

मावशीकडे दाराच्या मागे खुंटीला एक कापडी पिशवी लटकलेली असायची. काकांना अर्धांगवायूचा झटका आला त्यानंतरच्या आठ महिन्यांत घरात जे काही कागद आले, हॉस्पिटलचे रिपोर्ट, पावत्या, या ऑफिसचं पत्र, त्या ऑफिसचं पत्र, झेरॉक्सच्या झेरॉक्स, सगळं त्या पिशवीत. अर्धी पाकिटं तर फोडलेलीच नव्हती. आता मावशी काही अडाणी नाहीये, तीस वर्षं तिने हिशेबाचं काम केलंय, एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पण पाकीट दिसलं की पोटात गोळा यायचा म्हणे, मग न फोडताच पिशवीत.

मी काय केलं? मी तिला अपंगत्वाच्या मदतीच्या वेबसाईटची लिंक पाठवली. तीनदा. आणि तिसऱ्यांदा पाठवताना जरा चिडूनच पाठवली.

मग एक दिवस एक सपोर्ट वर्कर ताई घरी आल्या. त्यांनी ना कुठली योजना समजावून सांगितली ना काही उपदेश केला, फक्त म्हणाल्या, "काकू, पिशवी उलटी करू का?" सतरंजीवर सगळा ढीग ओतला, पाकिटं फोडली आणि तारखेप्रमाणे गठ्ठे लावायला लागल्या. तिसऱ्या गठ्ठ्यात एक पत्र निघालं, अर्ज नामंजूर, कारण काय तर एका कागदावर काकांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. खाली बारीक अक्षरात अपिलाची मुदत. नऊ दिवस उरले होते.

हा लेख त्या ताईंच्या कामाबद्दल आहे. कम्युनिटी सपोर्ट वर्कर, नॅव्हिगेटर, लिंक वर्कर, केस वर्कर, नावं देशागणिक आणि संस्थेगणिक बदलतात, आणि बरेच जण मला विचारतात की हे लोक नक्की करतात काय, आणि जे करतात त्यासाठी पगारी माणूस कशाला पाहिजे.

## गुंता कुठे आहे ते आधी बघू

समजा तुमची गाडी बंद पडली. एक मेकॅनिक फक्त ब्रेक बघतो, दुसरा फक्त इंजिन, तिसरा वायरिंग, चौथा टायर. चौघांची गॅरेजं चार टोकांना, चौघांच्या वेळा वेगळ्या, आणि प्रत्येक जण म्हणतो आधी त्याची चिठ्ठी आणा मग मी हात लावतो. चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत बरं का, कुणी कामचुकार नाही. पण बंद गाडी ढकलत एकाकडून दुसऱ्याकडे न्यायची कुणी? तर ज्याची गाडी बंद पडली त्याने.

सामाजिक सेवांचं हेच आहे. आजारपण आरोग्य खात्याचं, घरभाड्याची मदत दुसऱ्या खात्याची, अपंगत्वाचा दाखला तिसरीकडे, पेन्शन चौथीकडे, मुलाची फी माफी पाचवीकडे. माणसाचं संकट मात्र एकच असतं, ते काही खात्याप्रमाणे तुकडे होऊन येत नाही. नवरा आजारी पडला की त्याच महिन्यात पगार थांबतो, भाडं थकतं, मुलाची शाळा बुडते, आणि त्या बाईला एकदम पाच खिडक्यांवर उभं राहावं लागतं. चकवा लागलेला माणूस कसा रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडाखाली सापडतो, तसं होतं. चालणं कमी पडलेलं नसतं.

पब्लिक पॉलिसीचा अभ्यास करणारे पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन या सगळ्या हेलपाट्यांना "प्रशासकीय ओझं" म्हणतात आणि त्याचे तीन भाग करतात, जे मला फार पटतात. पहिला, शोधण्याचा खर्च: आपल्यासाठी काही आहे हे कळणं, आपण पात्र आहोत की नाही हे कळणं. दुसरा, पूर्ण करण्याचा खर्च: फॉर्म, दाखले, रांगा, रजा टाकून जाणं. आणि तिसरा मनाचा खर्च: लाज, भीती, प्रत्येक खिडकीवर आपली कहाणी पहिल्यापासून सांगायची, आणि समोरचा संशयाने बघतोय असं वाटत राहायचं. मावशीची ती पिशवी म्हणजे हा तिसरा खर्च. मी लिंक पाठवून पहिला भागवला होता, तोही अर्धवट.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, हे ओझं सगळ्यांना सारखं जड नसतं. २०१३ मध्ये एक संशोधन आलं होतं, तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना त्यांनी ऊस तुटायच्या आधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तुटल्यानंतर पैसा आल्यावर, तशाच बुद्धीच्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, डोकं तेच, पण तंगीच्या दिवसांत गुण कमी पडले. म्हणजे पैशाची विवंचना डोक्यातली जागा खाते. आणि आपली व्यवस्था सगळ्यात किचकट फॉर्म नेमका त्याच माणसाला त्याच दिवसांत भरायला देते.

## मग हा माणूस करतो काय?

दिसायला फार साध्या गोष्टी. कागद लावतो, फोन लावतो, सोबत जातो, आठवण करतो, वाट बघतो. कुणाला वाटेल यात काय विशेष.

पण ताईंचा एक फोन मी ऐकला तो सांगतो. त्यांनी नंबर लावला, स्पीकर सुरू केला, पहिल्यांदा स्वतःची ओळख दिली, मग "माझ्या शेजारी अर्जदाराच्या पत्नी बसल्यात, त्यांची बोलायला संमती आहे, अर्ज क्रमांक सांगते" म्हणाल्या, आणि मग गप्प बसल्या. पलीकडच्या माणसाने मावशीला काहीतरी विचारलं, मावशी अडखळली, ताईंनी नुसतं बोटाने पत्रावरची ओळ दाखवली. मावशीने वाचून सांगितलं. फोन ठेवायच्या आधी ताईंनी विचारलं, "आपलं नाव काय लिहून घेऊ?" आणि वहीत तारीख, वेळ, नाव, काय बोलणं झालं, सगळं टिपलं. ही वही म्हणजे या धंद्यातलं मुख्य हत्यार आहे, कारण पुढच्या वेळी कुणी म्हणालं की तुम्ही तर फोनच केला नव्हता, तर वही उघडता येते.

याला त्यांच्या भाषेत वॉर्म हँडओव्हर म्हणतात, म्हणजे "त्या नंबरवर फोन करा" असं सांगून मोकळं न होता, समोरच्या माणसाशी गाठ घालून देऊन मगच हात सोडणं. नुसता नंबर देण्याला साइनपोस्टिंग म्हणतात, रस्त्यावरच्या पाटीसारखं. पाटी वाईट नसतेच, पण पाय मुरगळलेल्या माणसाला पाटीचा काय उपयोग.

ते काय करत नाहीत हेही सांगायला पाहिजे. ते डॉक्टर नाहीत, वकील नाहीत, आणि तुमचा अर्ज मंजूर करायचा अधिकार त्यांना नसतो. त्यांच्याकडे असते ती वाटांची माहिती, कुठला फॉर्म कुठे अडतो, कुठल्या कागदाला किती दिवस लागतात म्हणून कुठला आधी सुरू करायचा. बरेच जण स्वतः कधीतरी याच चकव्यातून गेलेले असतात, आणि ते लगेच जाणवतं.

## ही काही नवीन फॅशन नाही

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्यूरो, म्हणजे सामान्य लोकांना सल्ला देणारी केंद्रं, सुरू झाले, कारण रेशनकार्ड, हरवलेले नातेवाईक, बॉम्बने पडलेलं घर अशा प्रश्नांनी लोक भंजाळून जाणार हे कुणाला तरी आधीच कळलं होतं.

नॅव्हिगेटर हा शब्द रूढ व्हायला मात्र न्यूयॉर्कमधल्या हार्लेम हॉस्पिटलचे सर्जन हॅरॉल्ड फ्रीमन कारण ठरले. त्यांच्याकडे स्तनांच्या कॅन्सरच्या ज्या बायका यायच्या त्यातल्या जवळपास निम्म्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात यायच्या. १९६४ ते १९८६ या काळातल्या ६०६ रुग्णांपैकी पाच वर्षं जगणाऱ्या फक्त ३९ टक्के. ऑपरेशन करता यायचं, पण बाई टेबलापर्यंतच उशिरा पोचायची, कारण मधे विमा, पैसे, भीती, "पुढच्या महिन्यात या", हरवलेला रिपोर्ट असं सगळं आडवं यायचं. फ्रीमननी १९९० मध्ये वस्तीतलीच माणसं घेऊन पेशंट नॅव्हिगेशन सुरू केलं, संशय आल्यापासून निदान आणि उपचारापर्यंत एक माणूस सोबत. जोडीला फुकट किंवा स्वस्तात तपासणी. १९९५ ते २००० मधल्या ३२५ रुग्णांमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ७० टक्के झालं. यातलं किती तपासणीमुळे आणि किती सोबतीमुळे हे वेगळं काढता येत नाही, आणि काढलेलंही नाही, पण दिशा कळते.

भारतात २००५ पासूनच्या आशाताई आहेतच, साधारण १० लाख, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक सन्मान केला. सन्मान झाला, पण कागदोपत्री त्या अजून "स्वयंसेविका", पगाराऐवजी मोबदला. इंग्लंडमध्ये २०१९ च्या आरोग्य आराखड्यात हजारावर लिंक वर्कर नेमायचं ठरलं, जे डॉक्टरांकडे एकटेपणा, कर्ज, घराचे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना योग्य जागी पोचवतात, कारण बीपीची गोळी देऊन घरमालकाची नोटीस काही परत जात नाही.

## "माहिती नीट दिली की पुरे ना?"

हाच माझा समज होता, आणि मला वाटतं बहुतेक शिकलेल्या लोकांचा हाच असतो. यावर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात एक छान प्रयोग झालाय, अर्थतज्ज्ञ एमी फिंकलस्टीन आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो यांचा, २०१९ मध्ये छापून आला. अन्नधान्याच्या सरकारी मदतीला बहुधा पात्र आहेत पण घेत नाहीत असे साधारण ३० हजार म्हातारे लोक घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट केले. पहिल्या गटाला काहीच नाही. दुसऱ्याला पत्र, की बाबांनो तुम्हाला ही मदत मिळू शकते. तिसऱ्याला पत्र आणि शिवाय फोनवर माणूस जो फॉर्म भरून देईल. नऊ महिन्यांनी नावं नोंदवलेले: पहिल्यात ६ टक्के, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात १८.

म्हणजे माहितीचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण माणूस जोडला की परिणाम दुपटीच्याही पुढे जातो. आणि अजून एक गोष्ट त्यात होती जी मला जास्त अस्वस्थ करते, या प्रयत्नांनी जे नवीन लोक आत आले ते तुलनेने बऱ्या परिस्थितीतले होते, सगळ्यात गरजू आणि आजारी तरीही मागेच राहिले. मी याचा अर्थ असा लावतो की फोन उचलायलाही थोडं त्राण लागतं. सगळ्यात मागे राहिलेल्याकडे जाऊन पिशवीच उलटी करावी लागते.

दुसरा प्रयोग कॉलेजच्या आर्थिक मदतीचा, २०१२ मध्ये छापलेला. टॅक्स भरून घ्यायला आलेल्या कुटुंबांना तिथल्या तिथे मदतीचा फॉर्म भरून दिला, तर त्यांच्या मुलांमध्ये दोन वर्षं कॉलेज पूर्ण करण्याचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात काही फरक नाही. मुलं हुशार तितकीच, इच्छा तितकीच, मधे काय तर एक फॉर्म.

## "म्हणजे एजंटच की हो!"

हा प्रश्न येणारच आणि तो चुकीचाही नाही, कारण जिथे वाट किचकट तिथे वाटाड्याच्या वेषात दलाल उभा राहतोच. दोघांचं ज्ञान सारखंच असतं, फरक ते कुणाच्या बाजूने वापरलं जातं यात आहे. एजंटला गुंता टिकलेला हवा असतो, त्याचं पोट त्यावर. सपोर्ट वर्करचा पगार संस्था किंवा सरकार देतं, तुमच्याकडून एक पैसा घेत नाही. तो मूळ कागद स्वतःजवळ ठेवत नाही, झेरॉक्स घेतो आणि मूळ परत देतो. कोऱ्या कागदावर सही मागत नाही, ओटीपी विचारत नाही, "काम झालंच समजा" म्हणत नाही. यातली एक जरी गोष्ट वेगळी दिसली तर तो माणूस गोड बोलत असला तरी पिशवी उचलून घरी यायचं.

## "असं केलं तर लोक आयतं मागायला लागतील"

माझे एक सासरकडचे नातेवाईक आहेत, कुठल्याही मदतीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. तेच गृहस्थ स्वतःचा टॅक्स सीएकडून भरून घेतात. पैसेवाल्याने कागदांसाठी माणूस ठेवला तर तो व्यवहार, गरिबाने घेतला तर परावलंबन.

पण मुद्दा पूर्ण उडवून लावण्यासारखाही नाही. वाईट सपोर्ट वर्कर खरंच माणसाला पांगळं करतो, सगळं स्वतःच करतो, पासवर्डसुद्धा त्यालाच माहीत. चांगला काय करतो, तर पहिला फोन तो लावतो, दुसरा शेजारी बसून तुम्हाला लावायला लावतो, तिसऱ्या वेळी फक्त विचारतो, झाला का फोन? सायकल शिकवताना मागे धरलेला हात जसा हळूच सुटतो तसं. मावशी आता तिची वही स्वतः ठेवते, तारीख वेळ नाव. अर्थात काही जण कधीच एकट्याने करू शकणार नाहीत, स्मृतिभ्रंश झालेला माणूस काय स्वावलंबी होणार, त्याला शेवटपर्यंत सोबत लागेल आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

## "त्यापेक्षा सगळं ऑनलाइन करून टाका, अ‍ॅप आहे, एआय आहे"

सोपं करता येईल तेवढं करावंच, एकदा दिलेला कागद पुन्हा मागू नये, याला माझा हजारदा पाठिंबा. पण मशीन ठरलेल्या रुळावरून चालतं आणि संकटातली माणसं बहुतेक वेळा रुळावरून घसरलेली असतात. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत, शिस्तीच्या देशात काय झालं बघा. मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणाऱ्या मदतीत हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा शिक्का बसला, कित्येकांची चूक म्हणजे एखादी राहून गेलेली सही एवढीच, आणि घेतलेली सगळी मदत परत करा म्हणून नोटिसा, लोकांची घरं मोडली. कुणावर संशय घ्यायचा हे निवडायला कॉम्प्युटरची मदत घेतली जात होती. जानेवारी २०२१ मध्ये त्यापायी अख्ख्या सरकारने राजीनामा दिला. नियम होते, यंत्रणा होती, पण "अहो ही सही राहिलीये फक्त, लबाडी नाही" हे ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

चॅटबॉट फॉर्म भरायला मदत करेल, करावीच, पण न फोडलेलं पाकीट त्याला दिसत नाही.

## आणि जिथे हे चालत नाही

सगळं गुलाबी चित्र रंगवलं तर तुम्हीच म्हणाल की जाहिरात आहे. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात भरती होणाऱ्या रुग्णांसाठी असाच एक गाजलेला प्रोग्रॅम होता, नर्स आणि सोशल वर्कर घरी जायचे, अपॉइंटमेंटला सोबत जायचे. २०२० मध्ये ८०० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्याचं प्रमाण सोबत मिळालेल्यांमध्ये ६२.३ टक्के, न मिळालेल्यांमध्ये ६१.७. काहीच फरक नाही. उलट त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या एका कम्युनिटी वर्कर प्रोग्रॅमचा हिशेब आला की घातलेल्या प्रत्येक १ डॉलरमागे सरकारी आरोग्य विम्याचे २.४७ डॉलर वाचले.

मग खरं काय? माझ्या मते दोन्ही. कॅम्डेनचे रुग्ण अतिशय गुंतागुंतीचे होते, आणि वाटाड्या कितीही हुशार असला तरी वाटेच्या शेवटी दारच नसेल, म्हणजे भाड्याने घरच उपलब्ध नाही, व्यसनमुक्तीच्या उपचारांची रांगच लांब, तर तो तुम्हाला कुठे नेणार? भिंतीपर्यंत. सपोर्ट वर्कर नेमणं हे सेवा कमी करण्यावरचं स्वस्त पांघरूण होऊ नये, आणि बऱ्याचदा ते तसंच होतं, कारण दहा माणसं नेमणं घरं बांधण्यापेक्षा सोपं. वर त्या दहा जणांना प्रत्येकी इतक्या केसेस देतात की पिशवी उलटी करायला वेळच नाही, मग तेही बिचारे शेवटी नंबर लिहून देतात. साइनपोस्टिंग. पाटी.

आणि एक काम जे यांच्याकडून करून घेतलंच जात नाही. कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लोक पडतात हे यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, वह्याच्या वह्या भरलेल्या असतात. पण ती वही फॉर्म छापणाऱ्या माणसापर्यंत पोचायचा रस्ता बहुतेक ठिकाणी नाहीच. ताईंना मी विचारलं होतं, नावाच्या घोळाची ही कितवी केस. त्या म्हणाल्या, "या वर्षातली का?"

काकांचं अपील सातव्या दिवशी गेलं, नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून. चार महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं, मावशीने ते पाकीट स्वतः फोडलं, दारातच. फॉर्मवरचा तो नावाचा रकाना मात्र अजून तसाच आहे, परवाच बघितला.